हिवाळा, दव आणि एरियलची तार : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील दुरुस्तीचा आढावा

रेडिओलहरी पकडण्यासाठी किंवा पाठविण्यासाठी उघड्यावर ताणलेल्या तारेला मराठी विश्वकोशाने ‘आकाशक’ असा नेटका शब्द दिला असला, तरी बोलण्यात ती एरियल किंवा अँटेनाच राहिली. थंडीच्या दिवसांत अशा तारेची दुरुस्ती कशी करावी, यावरचे बहुतेक लेखन कॅनडा, रशिया किंवा उत्तर युरोपातील अनुभवावर उभे आहे आणि त्याचा सारा भर बर्फावर आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग वस्तीला ते मार्गदर्शन जसेच्या तसे लावले, की श्रम नको तिथे खर्च होतात आणि खरा बिघाड तसाच राहतो. या पट्ट्यात थंडी तार तोडत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आतून खराब झालेली तार थंडीच्या दवाने फक्त उघडी पडते. येथील हिवाळी दुरुस्तीचा विचार याच मुद्द्यापासून सुरू करावा लागतो.

या परिसराचा आणि तारेच्या एरियलचा संबंध जुना आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ती वस्ती जम बसवीत होती तो काळ व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या रेडिओंचा होता. अशा रेडिओला लघुलहरींवरील दूरचे केंद्र स्वच्छ लागायचे, तर छपरावर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी ताणावी लागे आणि तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, म्हणजे वीज पुढे वाहू न देणारे तुकडे, बांधावे लागत. पोस्टात दरवर्षी परवाना शुल्क भरून ऐकायच्या त्या रेडिओबरोबर एरियलही घरची वस्तू झाली. पुढे ट्रान्झिस्टर आला, त्याच्या पोटातील फेराइटच्या कांडीने मध्यमलहरींचे काम भागविले आणि छपरांवरच्या पट्ट्या उतरल्या. आकाशवाणी मुंबईची ५५८ किलोहर्ट्झवरील अस्मिता वाहिनी मालाडच्या प्रक्षेपकावरून येते व ती ऐकण्यासाठी बदलापुरातही बाहेरच्या तारेची सहसा गरज पडत नाही.

तार टिकली ती हौशी रेडिओचालकांकडे, ज्यांना सर्वत्र हॅम म्हणतात. १९७८ च्या हौशी सेवा नियमांखाली परीक्षा देऊन दूरसंचार विभागाकडून परवाना व व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे हाकचिन्ह मिळविलेली ही मंडळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ज्याला ४० मीटर पट्टा म्हणतात त्या लहरींवर सर्वाधिक बोलतात. त्यासाठीचा सर्वांत स्वस्त व भरवशाचा आकाशक म्हणजे द्विध्रुव किंवा डायपोल. सुमारे १० मीटरच्या दोन तारा मध्यभागी एकमेकींपासून तोडून ठेवायच्या, त्या मध्याला कोअ‍ॅक्स केबल जोडायची आणि टोके दोरीने दोन्हीकडे ताणायची, एवढीच त्याची रचना. कोअ‍ॅक्स म्हणजे मधली तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथीन, त्यावर तांब्याच्या तारांची जाळी आणि सर्वांवर काळे आवरण अशी केबल. ८० मीटर पट्ट्यासाठी हीच रचना ४० मीटर लांब होते. एवढी सरळ जागा उल्हासनगरच्या दाट वस्तीत मिळत नाही, म्हणून मधला भाग पाण्याच्या टाकीवरील पाइपाला उंच बांधून दोन्ही तारा तिरप्या उतरविण्याची, उलट्या ‘व्ही’ची पद्धत तेथे चालते. नेमका हिवाळ्यातच या लांब लहरींचा उपयोग वाढतो, कारण वादळी ढग नसल्याने विजांमुळे होणारी खरखर कमी होते आणि रात्री मोठ्या असतात. एरियल शाबूत असण्याची गरज सर्वांत जास्त याच काळात भासते.

आता थंडीचा हिशेब. बर्फाच्या प्रदेशात दोन मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेभोवती एक सेंटिमीटर जाडीचा बर्फ जमला, तर मीटरमागे २८ ग्रॅम वजनाच्या तारेवर सुमारे ३४० ग्रॅम बर्फ बसतो, म्हणजे तारेच्या बारापट. तिकडची पुस्तके झोळ किती ठेवावा, दोरीला स्प्रिंग कशी लावावी, गोठलेली गाठ कशी सोडवावी यांवर पाने खर्च करतात ती यामुळे, आणि त्यांच्या जागी ते योग्यच आहे. बदलापूर समुद्रापासून दूर, माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असल्याने मुंबईपेक्षा बरेच थंड होते, तरी तेथील पारा डिसेंबर–जानेवारीच्या काही रात्री १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, त्याहून फारसा खाली जात नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात ३४ अंशांना बांधलेली २० मीटरची तांब्याची तार जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना किती आखडते, तर साडेसात मिलिमीटर. तारेच्या मध्यभागी ३० सेंटिमीटर झोळ असेल तर तो १८ सेंटिमीटरवर येतो आणि ताण सुमारे १.६ पट होतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या उघड्या तारेच्या बाबतीत हा ताण पावणेचार किलोंवरून सहा किलोंवर जातो. तीच तार तोडायला पन्नास किलोंच्या वर ओढ लागते. लांबी घटल्यामुळे जुळलेली वारंवारता सरकते तीही जेमतेम अडीच किलोहर्ट्झ, आणि बोलणाऱ्याच्या आवाजाचा पट्टाच याहून रुंद असतो.

कल्याण–कर्जत मार्गावरील प्रवाशांना थंडीच्या सकाळी ‘रुळाला तडा’ ही घोषणा परिचित असते आणि त्यावरून तारही थंडीने तुटत असावी असा समज सहज होतो, पण ही तुलना फसवी आहे. लांबच लांब जोडलेला रूळ स्लीपरना जखडलेला असल्याने त्याला आखडायला वाव नसतो आणि सगळा ताण पोलादाच्या आत साठतो. तारेला झोळ असतो, ती आखडते आणि मोकळी होते. तुलना करायचीच तर रुळाच्या वरच्या तारेशी करावी. जिथे स्वयंचलित ताणव्यवस्था बसविलेली आहे, तिथे खांबाजवळ कप्पीवरून लोंबणारी लोखंडी वजनांची चळत दिसते. तार उन्हाने लांबली की ही चळत खाली येते, थंडीने आखडली की वर जाते, ताण मात्र तोच राहतो. ज्याच्या एरियलचे एक टोक वाऱ्याने हलणाऱ्या नारळाला बांधलेले आहे, त्याने त्या टोकाची दोरी कप्पीवरून घेऊन तिला पाच किलोंचे वजन लटकविले, तर त्याची व्यवस्था रेल्वेच्याच तत्त्वावर चालेल. इमारत ते इमारत अशा स्थिर बांधणीला तेवढा खटाटोप अनावश्यक आहे. थोडा जास्त झोळ ठेवला की पुरे.

मग बिघाड येतो कुठून? पाणी, हवा आणि दव या तिघांच्या संगनमतातून. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक पाऊस पडतो आणि उभ्या लोंबणाऱ्या कोअ‍ॅक्सच्या वरच्या टोकाला सुईएवढी फट असली, तरी पाणी आत शिरते. तांब्याची जाळी दिव्याच्या वातीसारखी वागते व ते पाणी केशाकर्षणाने मीटर-मीटर खाली ओढते. पाऊस थांबला तरी आवरणाच्या आतील ओल ऑक्टोबरच्या उन्हानेही वाळत नाही. त्यात येथील हवा साधी नाही. वालधुनी नदीच्या काठाने साचलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. शहाडच्या बाजूला रेयॉनचे उत्पादन अनेक दशके चालत आलेले आहे आणि व्हिस्कोस पद्धतीच्या रेयॉन-निर्मितीत कार्बन डायसल्फाइडचा वापर व हायड्रोजन सल्फाइडची निर्मिती हा प्रक्रियेचाच भाग असतो. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. गंधकाच्या या संयुगांचे तांब्याशी वैर आहे. तांब्याच्या भांड्याला आंबट पदार्थाने चढतो तो हिरवा कळंक मराठी घरांना ठाऊक असतो, पण गंधकाने चढणारा थर काळा असतो, तो कॉपर सल्फाइडचा, आणि सांध्याच्या दोन तारांमध्ये तो शिरला की धातूला धातू नीट टेकत नाही.

हिवाळ्यात यावर दवाची भर पडते. निरभ्र रात्री जमीन व छपरे भराभर थंड होतात, जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, त्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर व वायू खालीच कोंडतात. उल्हासच्या काठी पहाटे दिसणारे धुके याच वेळचे. इन्सुलेटरवर दिवसा बसलेली काजळी व सिमेंटची धूळ या दवाने भिजते आणि कोरडी असताना निरुपद्रवी असलेली ती राप विजेला वाट करून देते. डायपोलच्या टोकांना प्रक्षेपणाच्या वेळी शेकडो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे वीज तेथून दोरीवर, दोरीवरून कठड्यावर गळते. बर्फाच्या प्रदेशात जे काम बर्फ करतो, ते येथे दव करते; फरक एवढाच की दव सकाळी नऊला नाहीसे होते आणि पुरावाही सोबत नेते.

दुरुस्ती करणाऱ्याने छतावर चढण्याआधी खोलीत बसूनच दोन मोजमापे घ्यावीत, एक सकाळी सातला व दुसरे दुपारी दोनला. आकाशकाकडे गेलेल्या ऊर्जेपैकी किती परत येते हे सांगणाऱ्या एसडब्ल्यूआर या गुणोत्तराचे वाचन पहाटे वेगळे आणि दुपारी वेगळे येत असेल, तर दोष इन्सुलेटरवर, मध्याच्या जोडावर किंवा केबलच्या तोंडाशी, म्हणजे ओल पोहोचेल अशा जागी आहे. दोन्ही वेळा ते सारखेच वाईट असेल तर तार तुटली आहे किंवा जोड सुटला आहे. येथे एक गोम आहे, जी अनुभवी लोकही विसरतात. पाणी प्यालेली कोअ‍ॅक्स ऊर्जा स्वतःच गिळते, परतीच्या वाटेवर उरलीसुरलीही गिळते, आणि मीटर वाचन सुधारल्याचे दाखवितो. दरवर्षी एसडब्ल्यूआर ‘आपोआप’ चांगला होत चालला असेल, तर समाधान न मानता केबल उघडावी. मध्याचा जोड सोडून केबलच्या गाभ्याची तार व जाळी यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो मोजण्यापलीकडे मोठा असायला हवा, आणि काही लाख ओहमांवर आला असेल तर आत पाणी आहे हे निश्चित समजावे.

अशी केबल चाकूने सोलली की दिसणारे दृश्य बोलके असते. वरचे काळे आवरण निर्दोष, चकचकीत. खाली जाळी मात्र जळक्या वातीसारखी काळी, बोटाने चोळली की भुकटी होणारी, मध्येच हिरवट ठिपके. वीतभर कापून पुन्हा पाहावे, पुन्हा काळी दिसली तर आणखी कापावे, आणि तांबूस लकाकी दिसेपर्यंत हात थांबवू नये. दोन मीटर कापूनही लकाकी दिसत नसेल तर केबल टाकून द्यावी, कारण काळवंडलेल्या जाळीला डाख लागतच नाही. नवी केबल व पीएल-२५९ जातीचे जोड घ्यायला या भागातील बहुतेक हौशी अजूनही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जातात. शक्य असेल तिथे कल्हई केलेली, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेली जाळी घ्यावी. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई ज्या कारणासाठी करीत, त्याच कारणासाठी ती येथेही उपयोगी पडते.

तार बदलताना होणारी एक चूक थंडीच्या सगळ्या परिणामांहून मोठी आहे. जुनी उघडी तार काढून तिच्याच मापाची घरगुती वायरिंगची पीव्हीसी वेष्टनाची तार बांधली, तर वेष्टनामुळे लहरीचा वेग थोडा घटतो व आकाशकाची वारंवारता दोन ते चार टक्क्यांनी खाली येते. ७.१ मेगाहर्ट्झच्या तीन टक्के म्हणजे २१३ किलोहर्ट्झ, आणि भारतीय हौशींना मिळालेला ४० मीटर पट्टा अवघा २०० किलोहर्ट्झ रुंद आहे. म्हणजे आकाशक पट्ट्याबाहेरच जातो. वेष्टनाची तार आधी तेवढीच लांब बांधावी, मोजावी आणि मग दोन्ही बाजूंनी सारखी थोडी थोडी कमी करावी.

प्रत्यक्ष सांध्याचे काम थंडीत जपून करावे लागते आणि येथे मात्र हवामानाचा थेट संबंध येतो. तांबे उष्णता फार वेगाने वाहून नेते, छतावर सकाळचा गार वारा असतो, आणि पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न सांधा तापविण्याआधीच स्वतः थंड होते. शिसे-कथलाचा नेहमीचा डाख १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. तार तेवढी तापलेली नसेल तर तो वरवर गोळा होऊन बसतो, दिसायला भरीव आणि आतून सुटा. कारागीर त्याला कच्चा डाख म्हणतात. असा सांधा डिसेंबरात चालतो आणि जूनमध्ये दगा देतो. म्हणून निदान साठ वॅटचे आयर्न वापरावे, वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा धरावा, आणि मुख्य म्हणजे डाखावर ताण टाकू नये. दोन्ही तारांची टोके एकमेकींवर पाच-सहा घट्ट वेढे घेऊन आधी पिळावीत, जी पद्धत वायरमनच्या प्रशिक्षणात वेस्टर्न युनियन जॉइंट म्हणून शिकवितात, आणि मग त्या पिळात डाख उतरवावा. ओढ पीळ सहन करतो, डाख फक्त हवा आत जाऊ देत नाही. भांड्यांच्या डाखकामात चालणारा नवसागर येथे वर्ज्य समजावा, कारण त्याचा अवशेष ओल धरून तांबे कुरतडत राहतो; त्याऐवजी राळ वापरावी.

जोडावर चिकटपट्टी गुंडाळण्याची वेळ दुपारची हवी. दवाने ओलसर पृष्ठभागावर गुंडाळलेली पट्टी ओल बाहेर ठेवत नाही, आतच कोंडते. आधी ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरपट्टी आणि तिच्यावर उन्हापासून बचावासाठी साधी पीव्हीसी पट्टी असा क्रम ठेवावा व गुंडाळणी खालून वर न्यावी, म्हणजे वेढे कौलांसारखे एकमेकांवर येतात. एम-सीलसारखा दोन भाग मळून लावायचा लेप थंडीत वाळायला दुपटीहून अधिक वेळ घेतो; तो संध्याकाळी लावून रात्रीच्या दवात सोडणे म्हणजे काम वाया घालविणे. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून टपकते आणि भिंतीत जात नाही. नायलॉनची दोरी दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, तेव्हा ती धडधाकट दिसली तरी बदलावी.

छताचा प्रश्न तारेहून नाजूक आहे. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली, आणि जुन्या बांधकामांच्या संरचनात्मक तपासणीचा विषय तेव्हापासून ऐरणीवर आहे. एरियलचा भार नगण्य असला तरी जुन्या कठड्यात ड्रिलने भोके पाडून खुंट्या ठोकल्या तर पाणी सळईपर्यंत पोहोचते. त्यापेक्षा वाळू-सिमेंटने भरलेल्या डब्यात पाइप उभा करून ठेवणे शहाणपणाचे. महावितरणच्या उघड्या तारांवरून किंवा रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारेजवळून एरियल नेणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय, यात सवलतीला जागा नाही. बदलापूरच्या नव्या सोसायट्यांत परवानगीचा कागद लागतो, आणि तो हिवाळ्यात, म्हणजे गच्ची गळण्याच्या तक्रारी नसताना, सहज मिळतो.

या खटाटोपाचे प्रयोजन केवळ हौस नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवीत असलेल्या भारती प्रसाद यांच्या संचावरून बाहेर निरोप गेले. या पट्ट्याने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आहे, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. अशा दिवशी उपयोगी पडेल ती तार आदल्या हिवाळ्यात दुरुस्त झालेलीच असते, कारण भर पावसात गच्चीवर चढून काही करता येत नाही.

राहिला मुहूर्त. परतीच्या पावसातील विजा ऑक्टोबरअखेर थांबतात, हे खरे. पण तेव्हा बदललेली दोरी जानेवारीत मांजाच्या तावडीत सापडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली असली तरी संक्रांतीला तो छपरांवर दिसतोच, आणि काच लावलेला सुती मांजाही दोरी व वेष्टन कापतो. मोजमापे, केबलची सोलणी आणि जोडांची कामे डिसेंबरात करावीत. तार उतरवून नव्या दोरीने पुन्हा ताणण्याचे काम मात्र पतंग उतरल्यावर, १४ जानेवारीनंतरच्या पहिल्या कोरड्या दुपारी हाती घ्यावे.